बिनपावतीचं घर

बॅलिनारा, परगणा मेयो
४ मार्च १९८५

प्रिय इटा,

आधी अभिनंदन, मग भांडण.

देशभरातल्या सॉलिसिटरांना सनदा देणारी, आणि वेळ पडली तर काढूनही घेणारी संस्था. तिच्या कौन्सिलवर आता आमच्या घरातली बाई! बाबा असते तर त्यांनी पुलावर उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं असतं. मी फक्त मिस फॉयला सांगणार होते. पण ती चहा घेऊन आली तीच ही बातमी घेऊन. तिला कुणी सांगितली? समोरच्या सबीनाने. म्हणजे माझ्या सख्ख्या चुलत बहिणीची बातमी मला रस्त्यापलीकडून, टायपिस्टच्या तोंडून कळली. सबीनाला कळवायला तुला बरा वेळ मिळाला.

हे झालं भांडण.

सबीना मोरान. पोस्टमन मोरानची पोर. सात वर्षं माझ्याकडे होती, चार उमेदवारीची आणि तीन सनद मिळाल्यावरची. दस्त कसा वाचायचा, कसा शिवायचा, म्हाताऱ्या अशिलासमोर कधी गप्प बसायचं, सगळं माझ्या टेबलाशी शिकली. मग एक दिवस म्हणाली, "मिस लाव्हेल, पाटीवर माझंही नाव येईल का?" मी म्हटलं, पाहू. दीड वर्षापूर्वी तिने समोरच्या शिंप्याच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या आणि स्वतःची पाटी लावली. पितळी. रोज सकाळी नऊला ती पाटी पुसते, आणि माझ्या टेबलावरून ते दिसतंच, बघायचं नाही म्हटलं तरी. तिच्या जिन्यावर माणसं बसलेली असतात, इटा. हसतातसुद्धा. वकिलाच्या जिन्यावर बसून माणसं कशाला हसतील?

बरं, एक कामाचं. बार्टली गॉहनच्या जमिनीचे दस्त चाळीस वर्षं आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत आहेत. त्याच्या लेकीला, नोनीला, घर बांधायला त्याने वरचा तुकडा दिला, आणि नोनीने काम दिलं सबीनाला. म्हणून जानेवारीत सबीना ते दस्त माझ्याकडून विश्वासपावतीवर घेऊन गेली: "तुमच्या वतीने सांभाळीन, मागाल तेव्हा परत करीन", खाली सही. आता मार्च उजाडला. मी रीतसर पत्र लिहून परत मागितले आहेत. बघू बाई काय म्हणतात ते.

तुझी,
अट्रॅक्टा

---

डब्लिन
११ मार्च १९८५

प्रिय अट्रॅक्टा,

तुझं पत्र वाचताना शेजारच्या टेबलावरचा माणूस मला विचारत होता, "घरून आलंय वाटतं?" माझा चेहराच तसा झाला होता म्हणे.

सबीनाला मी कळवलं नाही गं. निकाल वर्तमानपत्रात कोपऱ्यात आला होता. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायला तिला शिकवलं कुणी? तूच ना?

मला तर वाटलं होतं तू तिच्याबद्दल कौतुकाने लिहिशील. इथे काय झालंय ते ऐक. मे महिन्यात संस्थेची वार्षिक परिषद आहे. गावाकडच्या जमिनींच्या कामांवर एक भाषण ठेवायचंय, आणि तेच ते टक्कल पडलेले गृहस्थ ऐकून सगळे कंटाळलेत. मी सबीनाचं नाव सुचवलं. एकमताने मान्य झालं. ती उभी राहील तेव्हा प्रत्येकाला कळेल की ही लाव्हेलांच्या ऑफिसात तयार झालेली मुलगी आहे. तूही यायचंस. पहिल्या रांगेत बसवीन तुला.

आणि दस्तांचं काय घेऊन बसलीस? रस्ता ओलांड आणि मागून घे. मी कॉलेजच्या सुट्टीत तिथे फायली लावायला येत असे, तेव्हा काका काय म्हणायचे आठवतं? "या घरात आपण एकमेकांकडे पावती मागत नाही." दस्त आणला की आपल्या हाताने पेटीत ठेवायचा, झालं. मी एकदा मिस फॉयकडे पावती मागितली, तर काकांनी दिवसभर माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

तुझीच,
इटा

---

बॅलिनारा
१५ मार्च १९८५

प्रिय इटा,

पहिल्या रांगेत. वा!

सदतीस वर्षं मी हे ऑफिस चालवते आहे. बाबा गेले त्या आठवड्यातही एक दिवस बंद ठेवलं नाही. या सदतीस वर्षांत तुमच्या संस्थेने मला काय पाठवलं? वर्षाला एक छापील पत्रक, सनद ताजी करून घ्या म्हणून. भाषणाला बोलवायचं कधी कुणाला सुचलं नाही, आणि सुचवायला तिथे माझी बहीण बसलेली. आणि आता मी पहिल्या रांगेत बसून पोस्टमनच्या पोरीकडून ऐकायचं, की गावाकडे जमिनीचं काम कसं करतात. टाळ्याही वाजवायच्या असतील.

तिच्या सनदेच्या दिवसाचा फोटो तुझ्याकडे आहे, हे मला माहीत आहे. तू आणि ती, मध्ये तो कागद. मी फोटोत नाही. मला शेवटची गाडी गाठायची होती म्हणून मी निघाले होते, आणि तुम्ही दोघींनी एवढंही म्हटलं नाही की थांब, एक मिनिट थांब.

असो. दस्तांचं उत्तर आलं. शब्द न् शब्द लिहिते: "मिस लाव्हेल, दस्त मी चौदा फेब्रुवारीला दुपारी परत ठेवले. तुम्ही कॅसलबारला कोर्टात होता, मिस फॉय जेवायला गेल्या होत्या. गॉहनच्या पेटीतच आहेत." म्हणजे माझ्या गैरहजेरीत बाई मागच्या दाराने आत शिरल्या. दस्तांच्या खोलीची किल्ली येशूच्या तसबिरीमागे टांगलेली असते हे तिला माहीत. जणू अजून तिचंच घर!

मला असली उत्तरं नकोत. पावती माझ्या खणात आहे, तिच्या सहीची. दस्त परत करून तिने पावती सोडवून नेलेली नाही. आज मी संस्थेच्या तक्रार समितीकडे रीतसर लिहिलं आहे, की सॉलिसिटर सबीना मोरान यांनी लेखी हमी पाळली नाही. पेटी पाहिली, तीत दस्त नाहीत, असं सहीनिशी लिहिलं आहे. टपालात पडलंसुद्धा.

आता करू दे भाषण.

अट्रॅक्टा

---

डब्लिन
२२ मार्च १९८५

प्रिय अट्रॅक्टा,

काल तक्रार समितीत, तिच्यावर आता मीही आहे, तुझा कागद वाचायला घेतला. पहिली ओळ ऐकली आणि मी उठून बाहेर गेले. तक्रार करणारी माझी बहीण, म्हणून मला त्या खोलीत बसता येत नाही. वीस मिनिटं मी गॅलरीत उभी होते. ही इमारत पूर्वी मुलांची शाळा होती. वर्गाबाहेर काढलेल्या मुलीसारखीच उभी होते म्हण.

तू काय केलंस याचा तुला अंदाज आहे ना? असणारच, तूच तिला शिकवलंस. आपल्या धंद्यात सॉलिसिटरने लिहून दिलेली हमी म्हणजे सगळं. परगण्याच्या एका टोकाचा माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाला तोंड न बघता आयुष्यभराची जमीन टपालाने पाठवतो, ती त्या एका ओळीच्या भरवशावर. ती मोडली असं ठरलं तर समिती दयामाया करत नाही. हे प्रकरण थेट कोर्टापर्यंत जाऊ शकतं, आणि सबीनाची सनद जाऊ शकते. दीड वर्षाचं ऑफिस आहे तिचं. पुन्हा उभी राहायची नाही ती.

तिला उत्तराला चौदा दिवस दिले आहेत. मेच्या भाषणातून तिचं नाव तूर्त काढलंय. ते मीच सांगितलं काढायला, माझ्या तोंडाने.

एकच विचारते, मग या विषयावर मला काही लिहू नकोस. नीट पाहिलंस ना? पेटी नीट पाहिलीस?

इटा

---

बॅलिनारा
१२ एप्रिल १९८५

प्रिय इटा,

लिहू नकोस म्हणालीस, म्हणून तीन आठवडे गप्प राहिले. पण ईस्टरला तुझं कार्डही आलं नाही. यापूर्वी असं कधी झालेलं नाही.

तुझ्या समितीने तिच्या उत्तराची प्रत मला पाठवली आहे. दोन पानं, टाइप स्वतःच केलेली, 'र' जरा वर उडतो तिच्या मशीनचा. लिहिते की दस्त तिच्याकडे तीन आठवडे होते. नोनीच्या तुकड्यासाठी तिने जमीन मोजणाऱ्याकडून नवा नकाशा करून घेतला, त्याची एकच प्रत, ती तिने स्वतः दस्तात शिवली. नोनी बॉस्टनला, तिला दाखवायची होती ती उन्हाळ्यात आल्यावर. बार्टलीनेही पाहिलेली नाही. शिवल्याच्या दुसऱ्या दिवशी दस्त आमच्या पेटीत ठेवले. आणि शेवटी: "पावती मागून घेतली नाही ही माझी चूक. सात वर्षं त्या ऑफिसात मी कधी कुणाकडे पावती मागितली नाही, तशी तिथली रीत होती." बाबांचं वाक्य माझ्याविरुद्ध वापरते, बघ.

गावात कळलंय. कसं कळलं विचारू नकोस, बॅलिनाऱ्यात पाकीट चिकटवायच्या आधी त्यातलं पत्र सगळ्यांना ठाऊक असतं. तिच्या जिन्यावर आता कुणी बसत नाही. मागच्या आठवड्यात दोन जुनी अशिलं माझ्याकडे परत आली. मिसेस कॉनवे मला म्हणाली, "आम्हाला आधीपासूनच वाटत होतं हो, मिस लाव्हेल." खोटं बोलते. तिला काही वाटत नव्हतं, तिला सबीना आवडायची. मी म्हटलं, बसा.

मला बरं वाटायला हवं होतं ना? पाटी मात्र ती अजून रोज नऊला पुसते. पूर्वी पुसताना वर बघून मला हात करायची. आता करत नाही. मी पडदा लावून घेतला, मग उघडला, मग पुन्हा लावला.

तिचं कसब कुणी नाकारत नाही, हेही तुला लिहून ठेवते, नाहीतर म्हणशील मी आंधळी झाले. गॉहनच्या वरच्या शेताचंच घे. बाबांनी ते दस्त दोनदा हाताळले, मी तीनदा. त्या कोपऱ्यातल्या विहिरीची वाट कुणाच्या हद्दीतून जाते हे आम्हा बापलेकीला चाळीस वर्षांत सुचलं नाही. हिने तीन आठवड्यांत ती विहीर निळ्या शाईने दाखवली, वाटेची रुंदीही लिहिली. उद्या नोनीचं आणि शेजाऱ्याचं पाण्यावरून भांडण होणार होतं ते तिथेच मिटलं. अशी हुशारी असते ना, की दुसऱ्याच्या घरात बघितली तर आनंद होतो, आणि आपल्याच टेबलाशी वाढलेली बघितली तर झोंबते. मला झोंबते. आता सांगितलं, मोकळी झाले.

ईस्टरची कोकराची तंगडी मी आणि मिस फॉयने खाल्ली. जरा करपली होती.

तुझी,
अट्रॅक्टा

---

डब्लिन
१७ एप्रिल १९८५

अट्रॅक्टा,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा बहीण म्हणून, आणि नंतर तीनदा काकांनी शिकवलं तसं, ओळीवर बोट ठेवून.

विहीर तुला कुठे दिसली?

काकांना सुचली नाही, तुला सुचली नाही, म्हणजे जुन्या दस्तात ती नाही. ती नव्या नकाशात आहे. नव्या नकाशाची प्रत एक, ती दस्तात शिवलेली. नोनीने पाहिली नाही, बार्टलीने पाहिली नाही, हे तूच मला उतरवून पाठवलंस. मग शाई निळी आहे हे तुला कुणी सांगितलं?

दस्त पेटीत आहेत. तू ते उघडून पाहिलेस, नकाशाचं पान उलगडलंस, आणि पुन्हा बांधून ठेवलेस. तू हे चुकून लिहिलंस की मी पकडावं म्हणून लिहिलंस, ते मला कळत नाही. तुलाही कळत नसेल.

तुला झोंबतं म्हणालीस, तर माझंही ऐक. चाळीस वर्षांत सांगितलं नाही ते सांगते. काका एकालाच उमेदवार म्हणून घेऊ शकत होते, आणि त्यांनी तुला घेतलं. मला डब्लिनला एका अनोळखी माणसाच्या ऑफिसात पाठवलं. तो चार वर्षं मला 'ए मुली' म्हणायचा. तुझ्याकडे ते टेबल होतं, ती खिडकी होती, काका होते. मी कौन्सिलवर निवडून आले त्या संध्याकाळी पहिला विचार काय आला सांगू? आता अट्रॅक्टाला कळेल. म्हणूनच तुला पत्र टाकलं नाही. बातमी रस्त्यापलीकडून कळली म्हणून तू भांडलीस ना, तर त्याचं कारण हे होतं. तुला दुसऱ्याकडून कळावं असं मला वाटत होतं. आणि सबीनाचं नाव मी सुचवलं ते तिच्या हुशारीसाठीच, पण पहिल्या रांगेत तुला बसवायचं ते कशासाठी, हे मी स्वतःला विचारलं नव्हतं.

तेव्हा मी तुझ्यापेक्षा फार बरी आहे असं समजू नकोस. पण मी शपथेच्या वहीत सही करून त्या समितीवर बसले आहे. एका मुलीची सनद जाणार आणि तुझं पत्र माझ्या खणात पडून राहणार, हे मला जमणार नाही.

समिती गुरुवारी, पंचवीस तारखेला बसते. बुधवारच्या टपालाने तुझा कागद आला तर तो तुझा कागद असेल. नाही आला तर गुरुवारी सकाळी मी तुझं बारा एप्रिलचं पत्र समितीच्या सचिवाच्या हातात देईन, आणि बाहेर जाऊन गॅलरीत उभी राहीन.

इटा

---

बॅलिनारा
२३ एप्रिल १९८५

प्रिय इटा,

कागद काल दुपारीच रजिस्टर टपालाने गेला. उद्या मिळेल. पाच ओळी आहेत. तिथे मोघम लिहायची सोय नव्हती, इथे जरा विस्ताराने लिहिते.

पंधरा मार्चला तक्रार लिहिली तेव्हा मी पेटी उघडलीच नव्हती. सबीनाच्या शब्दावर मी माझ्याच खोलीत जाऊन शोधायचं, हे मला अपमानाचं वाटलं. पाहिली, नाहीत, असं लिहून सही केली. सोळा तारखेला शनिवार होता, मिस फॉय नव्हती. किल्ली घेतली, पेटी उघडली. वरच होते. पाच टाके, शेवटचा दुहेरी, माझ्यासारखाच. नकाशा उलगडून मी खिडकीपाशी नेला आणि विहीर पाहिली. मला आनंद झाला, इटा. खरंच झाला. साधारण तितका वेळ जितका एक पान वाचायला लागतो. मग मनात आलं, हे मेमध्ये ती सगळ्यांसमोर सांगेल आणि लोक मान डोलावतील. मी दस्त बांधले आणि झाकण लावलं.

त्यानंतर पाच आठवडे मी रोज ठरवत होते.

काल कागद टपालात टाकून मी रस्ता ओलांडला. दीड वर्षात पहिल्यांदा तिचा जिना चढले. सतरा पायऱ्या आहेत. वरती बार्टली गॉहन एकटाच बसला होता, टोपी गुडघ्यावर. तो सरकला. म्हणाला, "बसा मिस लाव्हेल, आधी माझा नंबर आहे." म्हणून बसले, नंबराने. त्याने मला काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "सगळे गेले, पण ही पोर मला विचारायला आली होती पाणी कुठून भरता म्हणून. साठ वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. मी कुठे जाऊ?"

मग मी आत गेले. खोली लहान आहे. खिडकीतून माझं टेबल दिसतं. माझा पडदा अर्धा उघडा होता, आणि तिकडून तो फार वाईट दिसतो.

मी पावती तिच्यासमोर ठेवली आणि समितीला पाठवलेल्या कागदाची प्रत ठेवली. ती उभ्याने वाचत होती. मग बसली.

"पेटी कधी उघडलीत?"

"सोळा मार्चला."

"म्हणजे तक्रारीच्या दुसऱ्याच दिवशी."

"हो."

"आईने पाच आठवडे चर्चला जायचं सोडलंय, मिस लाव्हेल. लोक बघतात म्हणून."

मला वाटलं होतं ती ओरडेल. त्याची तयारी करून मी गेले होते. मी म्हटलं, "माझं चुकलं, सबीना. तू गेलीस ते मला सहन झालं नाही, आणि तू चांगली निघालीस ते त्याहूनही सहन झालं नाही." हे मी मोठ्याने म्हटलं. बार्टली बाहेरच होता, त्याने ऐकलं असणार.

ती म्हणाली, "दोन वर्षं तुम्ही 'पाहू' म्हणालात. नाही म्हणाला असतात तरी मी राहिले असते."

मग मी पावती उचलून फाडायला गेले. तशीच पद्धत आहे ना आपल्याकडे, दस्त परत आले की पावती फाडायची. तिने माझ्या हातावर हात ठेवला. "नको. ती फायलीत राहू दे." आणि मशीनमध्ये कागद घालून, माझ्यासमोर, तो 'र' वर उडणारा टाइप करत तिने दोन ओळी लिहिल्या. गॉहन यांचे दस्त चौदा फेब्रुवारीला परत मिळाल्याचं मिस लाव्हेल कबूल करतात. विश्वासपावती आज त्यांनी परत केली. मग खणातून एक किल्ली काढली. आमच्या मागच्या दाराची, इटा. ती माझ्याकडे असताना मी दिलेली, परत मागायचं मला कधी सुचलंच नव्हतं. ती टेबलावर ठेवून तिने तिसरी ओळ लिहिली: मागच्या दाराची किल्ली आज मिस लाव्हेल यांच्या हाती दिली.

कागद माझ्याकडे सरकवला. "इथे सही करा."

मी म्हटलं, "सबीना, आपण एकमेकींकडे पावती मागत नाही."

"त्या घरात मागत नव्हतो," ती म्हणाली.

मी सही केली. तिने ती नीट वाचली, तारीख तपासली, एक प्रत मला दिली आणि बार्टलीला हाक मारली.

तेव्हा गुरुवारी तू पुन्हा बाहेर जाशील, या वेळी माझ्यासाठी. माझी सनद राहील की जाईल ते तुम्ही ठरवा, मी येऊन उत्तर देईन, सोबत कुणी नको. मेच्या भाषणात तिचं नाव पुन्हा घालायला सांग. मला पहिल्या रांगेत बसवू नकोस. मागे कुठेतरी, दाराजवळ.

आज सकाळी नऊला तिने पाटी पुसली. जिन्यावर दोघं-तिघं दिसले, मिसेस कॉनवेसुद्धा. आणि खरं सांगते, मला तेव्हाही झोंबलं. ते जात नाही वाटतं. किल्ली मी येशूच्या तसबिरीमागे दुसरीशेजारी टांगली, आणि पावतीची प्रत गॉहनच्या पेटीत ठेवली. बाबांच्या खोलीतली ही पहिली पावती. तारीख तिने अक्षरातही लिहिली आहे आणि आकड्यातही, मी शिकवलं होतं तशी.

तुझी,
अट्रॅक्टा